छापताना तीन काने गेले. मूळ कथा आता कोणत्या नावाने देऊ?

काठावरचा

मंडळी, आपल्या लेखकगटाच्या ई-अंकाला कथा द्यायची मुदत ३१ ऑगस्ट. माझी कथा तयार आहे, तरी पाठवायला हात धजत नाही. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागणं मला जमत नाही.

गेल्या दिवाळीत माझी 'रहाड' ही कथा एका छापील दिवाळी अंकात आली, माझ्या खऱ्या नावाने. इथल्या जुन्या लोकांना ती माहीत आहे. रविवारच्या बैठकीत मी ती दोन भागांत माझ्या आवाजात टाकली होती आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिचं शेवटचं पान माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलं होतंत. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. एकोणीस वर्षांचे दोन मित्र, रंगपंचमी आणि जुनं नाशिक. बाहेरगावच्यांना सांगायला हवं की आमच्याकडे खरा रंग धुळवडीला नाही, पंचमीला खेळतात. पेशवाईपासूनचे दगडी हौद, म्हणजे रहाडी, जुन्या गावातल्या चौकांत आहेत. वर्षभर वर लाकडी फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, गाड्या त्यांच्यावरून जातात. पंचमीला ते उघडायचे, रंग उकळून भरायचे आणि काठावरून धप्पा मारायचा. माझ्या कथेत एकजण दुसऱ्याचं मनगट धरतो, दोघं एकदम उडी मारतात आणि पिवळ्या पाण्याखाली तो हात सुटत नाही. कथेत घडतं ते एवढंच. मग दोघं आपापल्या घरी जेवायला जातात.

कथा 'मी'च्या तोंडून आहे. माझी जुनी खोड अशी की मी 'म्हणालो' लिहीत नाही, 'म्हटलं' लिहितो. 'मी पाहिलं', 'मला वाटलं', 'मी शर्ट काढला', 'मी उडी मारली'. यातल्या एकाही क्रियापदावरून सांगणारा बाप्या की बाई ते कळत नाही. सोळाव्या वर्षापासून वही लिहितोय. घरात कुलपाचं कपाट नव्हतं, त्यामुळे वही कुणाच्या हाती लागली तर काय, या धास्तीने ही युक्ती आपोआप अंगात मुरली. 'तो' तर मला हवाच होता, मग लपवायला 'मी'च उरला.

'रहाड'मध्ये मात्र मी शेवटच्या पानावर तीन क्रियापदं मुद्दाम उघडी ठेवली होती. 'क्षणभर थांबलो', 'पार भिजलो' आणि 'तसाच घरी आलो'. तिथवर पोचलेल्या वाचकाने मागे जाऊन कथा पुन्हा वाचावी, एवढीच इच्छा.

अंक हातात आला तेव्हा तिथे छापलेलं होतं 'थांबले', 'भिजले', 'तशीच घरी आले'. आणि 'मी शर्ट काढला'च्या जागी 'मी ओढणी खोचली'. मी फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं की निवेदक कोण ते वाचकाला कळेना, म्हणून मुद्रितशोधनात सरळ करून घेतलं. आवाजात कसलाही दुष्टावा नव्हता. मला उलट त्याचंच जास्त लागलं.

'लो'चा 'ले' करायला एक काना काढावा लागतो. तीन काने काढले, एक 'तसा'ची 'तशी' केली, एक शर्ट उतरवला आणि माझ्या कथेतला मुलगा गेला.

आता खरी अडचण. ही कथा आईने वाचली. आई बालवाडीत शिकवायची, अजूनही पेन्सिल हातात घेऊन वाचते. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाली, "बाईच्या जातीचं मन कसं रे इतकं कळलं तुला?" इतकी खूश झालेली मी तिला वडील गेल्यापासून पाहिली नव्हती. मेनरोडवरून अंकाच्या आणखी दोन प्रती आणवल्या. एक भिशीतल्या बायकांत फिरतेय, एक शेजारच्या काकूंकडे आणि आमची प्रत टीव्हीखालच्या खणात, पाहुणे आले की बाहेर काढायला.

मला मूळ कथा आपल्या ई-अंकात हवी आहे. पण टोपणनावाने दिली तर ज्याने छापील अंक वाचला त्याला दोन मिनिटांत कळणार की 'काठावरचा' म्हणजे कोण. म्हणजे मी गेली सहा वर्षं इथे जे जे लिहिलं ते सगळं एकदम माझ्या नावावर. खऱ्या नावाने दिली तर आई. दिलीच नाही तर ती तीन क्रियापदं तशीच राहणार, आणि माझ्यामागे कुणी अंक उघडला तर ती गोष्ट एका मुलीची असेल.

काय करू?

थर्डशिफ्ट

दादा, घाईत टोपणनाव बदलू नका किंवा काही पुसू नका, एवढं आधी सांगतो. मी केलंय ते.

मी इथे यायच्या आधी इंग्रजीत फॅनफिक्शन लिहायचो, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या वेबसाइटवर. २००९ पासून चालू असलेली जागा आहे, स्वयंसेवक चालवतात, जाहिराती नाहीत, २०१९ ला तिला ह्युगो पुरस्कार मिळाला. दोन पुरुषांच्या प्रेमकथांना तिथे 'स्लॅश' म्हणतात. दोन नावांच्या मध्ये जी तिरकी रेघ देतात तिच्यावरून. सत्तरच्या दशकात बायका 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक यांच्या गोष्टी हाताने छापून पोस्टाने एकमेकींना पाठवायच्या, तेव्हापासूनचं नाव. सातपूरच्या खोलीवर रात्रपाळी करून आल्यावर पांघरुणात मोबाईल घेऊन मी ते वाचायचो. जगात असे किती लोक आहेत हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

तिथे एक सोय आहे. आपली कथा 'ऑर्फन' करता येते, म्हणजे अनाथ. कथा राहते, खालचे शेरे राहतात, फक्त तुमचं नाव निघून जातं. एकदा केलं की परत घेता येत नाही. भावाने माझा मोबाईल उघडला त्या रात्री मी नऊच्या नऊ कथा अनाथ केल्या. त्याने काही पाहिलंच नव्हतं, त्याला फक्त मॅचचा स्कोर बघायचा होता.

अजून त्या कथा तिथे आहेत. मधूनमधून जाऊन बघतो. गेल्या महिन्यात एकीच्या खाली कुणीतरी विचारलं होतं की यातल्या स्टेशनवरच्या मुलाचं पुढे काय झालं. मला माहीत आहे काय झालं. पण मी सांगितलं तर ते कुणा परक्याचं उत्तर.

म्हणून म्हणतो, 'काठावरचा' हे नाव मोडू नका. सहा वर्षांच्या कथा अनाथ होतील.

निफाडकर

तुला बरं वाटेल असं लिहीत नाहीये, कारण तू माझ्या कथांना कधी तसं लिहिलं नाहीस.

त्यांनी केलं ते चूकच. न विचारता शब्द बदलणं हा गुन्हा आहे. पण लेखक म्हणून एक बघ. आपल्या वाचकाला पानावर 'तो' दिसला आणि त्याच्यावर जीव टाकणारं कुणी दिसलं की समोर 'ती' आपोआप उभी राहते. पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. तू तेरा पानं जागा रिकामी ठेवलीस. ती त्याने पहिल्याच पानावर भरून टाकली आणि शेवटच्या पानावर तुझे तीन 'लो' आले ते त्याला खिळाजुळाऱ्याच्या चुका वाटल्या. वाचक मागे जाऊन पुन्हा वाचेल हा तुझा भरवसा होता. तो मागे गेला नाही. तीन शब्द दुरुस्त करणं त्याला सोपं पडलं.

या युक्त्या मला माहीत आहेत, सगळ्या वापरून झाल्यात. 'तू आलास' लिहिलं की समोरचा पुरुष ठरतो, म्हणून मी दोन वर्षं 'तुम्ही आलात' लिहायचो. 'तुम्ही आलात' बाईलाही चालतं, बुवालाही. माझ्या कथांतले पंचविशीतले दोन जण एकमेकांना अहो-जाहो करायचे. दोन पुरुषांच्या प्रसंगात 'त्याने त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला' यातला कुठला हात कुणाचा, हा गोंधळही आपण सगळ्यांनी घातलाय. त्याला 'आपला' हा शब्द कामी येतो हे तूच मला शिकवलंस. 'त्याने आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला.' झालं. भाषेने सोय करून ठेवलेली आहे, तशी ती 'म्हणालो'चीही आहे.

'म्हटलं' हे वाईट मराठी नाही, मी रोज बोलतो. पण तुझं 'म्हटलं' कुलूप म्हणून आलेलं आहे. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, त्यालाही आता इतकी वर्षं झाली. अजून कुणापासून लपवतोस?

नावाचं नंतर ठरव. आधी पहिल्या वाक्यात 'लो' आण.

काठावरचा

निफाडकर, खरं सांगतो, तुझा शेवटचा प्रश्न वाचून मी काल माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाचा तसाच निकाल आला होता. मी एकवीस वर्षांचा होतो. त्याच आठवड्यातल्या पानावर माझं पहिलं 'मी म्हणालो' आहे. त्यानंतर चार वर्षं सगळीकडे 'म्हणालो', 'हसलो', 'त्याच्या शेजारी बसलो'. नोंदी लांब आहेत, अक्षर मोठं आहे. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. १२ तारखेचं पान कोरं. १५ तारखेला चार ओळी आहेत आणि त्यात 'मला वाटलं', 'मी पाहिलं'. मी तेव्हा असं काही ठरवल्याचं आठवत नाही. ठरवून केलं नसणारच. व्याकरणच घाबरलं होतं.

२०१८ नंतर मी इथे आलो, तुम्ही भेटलात, पण हात तिथेच राहिला. सवय लागायला निकाल पुरतो, सुटायला पुरत नाही.

तुझं म्हणणं पटलं. पहिल्या वाक्याचं बघतो. पण सगळे 'म्हटलं' काढणार नाही. मी खरंच तसा बोलतो.

कॅनडा_कॉर्नर

मी कायद्याचं बोलतो, बाकीचं इतर जण माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

पहिलं म्हणजे, अंकाला कथा देताना कुठल्या कागदावर सही केली होतीस का? लेखकाच्या सहीच्या लेखी कराराशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. नुसतं ईमेलने कथा पाठवली आणि मानधनाचा चेक आला, एवढंच असेल तर कथा तुझीच आहे आणि ई-अंकात द्यायला कुणाची परवानगी लागणार नाही. हक्क मिळायला नोंदणीही लागत नाही, लिहिलं की मिळाला.

दुसरं, कलम ५७. हक्क विकले तरी लेखकाचा एक अधिकार शिल्लक राहतो. आपलं लेखकपण सांगायचा, आणि लिखाणात प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर ती अडवायचा किंवा भरपाई मागायचा. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या हिंदी कादंबरीवर सिनेमा निघाला, त्यात कथा बदलली म्हणून त्या कोर्टात गेल्या होत्या. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच कलम धरून लेखकाच्या या हक्काला पैशापलीकडचं स्थान दिलं. तुझ्या कथेत निवेदकच बदलला. याहून मोठी मोडतोड कुठली असते?

तरीही कोर्टात जा असं मी सांगणार नाही. अंकाकडे एक पत्र दे आणि पुढच्या अंकात खुलासा माग. खुलाशात किती सांगायचं ते तुझ्या हातात आहे. 'लेखकाच्या मूळ संहितेत चार ठिकाणी केलेले बदल लेखकाच्या संमतीशिवाय झाले' एवढंही पुरतं. मसुदा मी करून देतो, पैसे नकोत.

टोपणनावाने छापलं तरी हक्क जात नाही हेही डोक्यात ठेव. तशा लिखाणाला प्रसिद्धीपासून साठ वर्षं संरक्षण असतं, आणि मधे कधी लेखकाने आपलं नाव उघड केलं तर मग मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे कायदा तुला घाई करत नाही. आज टोपणनाव, दहा वर्षांनी खरं नाव, असंही चालतं.

माई

सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण अंकाची जुळणी करणारी मी आणि मलाच ही कथा हवी आहे, म्हणजे माझा सल्ला निर्मळ नाही.

बाळा, आपला पहिला अंक आठवतो का? नऊ कथा आल्या होत्या आणि सहांमध्ये शेवटी कुणीतरी मेलं होतं. दोन पंख्याला, एक रेल्वेखाली, एक गोदावरीत, बाकीचे दोघं नुसतेच आजारी पडून. राहिलेल्या तिघांपैकी दोघांची लग्नं लावून दिलेली. रात्री नाशिकरोडला घरी बसून मी ती जुळणी करत होते आणि दीड वाजता उठून पाणी प्यायले, हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी मी नियम घातला की श्रावणात कुणी मरायचं नाही. आपला अंक ६ सप्टेंबरला निघतो, त्याच्या कथा श्रावणात लिहिल्या जातात, म्हणून श्रावण. काही जण चिडले होते. निफाडकर तर महिनाभर बोलला नाही. म्हणायचा, आयुष्यात माणसं मरतात आणि तुम्ही मला खोटं लिहायला लावता. मी म्हटलं, अकरा महिने मार ना.

मग तुझी 'रहाड' आली. तिच्यात शेवटी दोघं घरी जेवायला जातात. मी ती वाचून दारात जाऊन उभी राहिले. पन्नाशीची बाई मी, माझा जीव जिच्यावर होता ती मुलगी तेवीस वर्षांपूर्वी सासरी गेली, आणि मला वाटलं की आपली गोष्ट अशीही संपू शकते, कुणी ताट वाढून वाट बघतंय.

नावाचं मी सांगणार नाही. इथला पहिला नियम हाच की कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, आणि विचारायचं नाही म्हणजे सुचवायचंही नाही. फक्त एक कर. आईला ई-अंकातून कळू देऊ नकोस. काकूंच्या मुलाने मोबाईलवर दाखवलं, असं नको व्हायला. तिने तुझी कथा पेन्सिल घेऊन वाचली आहे. तिच्या हातात तुझ्या हातून गेलं पाहिजे, मग ते या वर्षी जावो नाहीतर पाच वर्षांनी.

तुझ्यासाठी आठ पानं मोकळी ठेवली आहेत. ३१ तारीख इतरांना. तुला ४ सप्टेंबरची रात्र.

काठावरचा

माई, आज ३ तारीख. फाईल पाठवली आहे, बघून घ्या. काय झालं ते लिहितो, तुम्हा सगळ्यांना सांगणं लागतो.

परवा अंबडहून, कामावरून सुटून घरी आलो तेव्हा आई देवळात गेली होती. खणातली प्रत काढली आणि शेवटच्या पानावर निळ्या पेनने तीन काने घातले. कागद गुळगुळीत आहे, शाई धरत नव्हती, प्रत्येक काना दोनदा गिरवावा लागला. 'तशीच'वर रेघ मारून 'तसाच' लिहिलं. 'ओढणी खोचली' खोडून वर 'शर्ट काढला' लिहिलं. मग अंक खणात न ठेवता तिच्या खुर्चीत ठेवला, पान उघडं ठेवून, वर तिची पेन्सिल.

आली, पाय धुतले, खुर्चीत बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात. तिने ते पान वाचलं, मग कथा पहिल्यापासून वाचली. चाळीस मिनिटं. कुठल्या ओळीवर बोट थांबतंय ते मला तिथून दिसत होतं.

"हे तू केलंस पेनने?"

"छापताना चुकलं होतं, आई. मी असं लिहिलं होतं."

"मग हे बरोबर?"

"हो."

ती गप्प राहिली. मग विचारलं, "काकूंकडच्या प्रतीचं काय? आणि भिशीत गेलीय ती?"

मी सांगितलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. तिने पान मिटलं आणि कुकर लावायला उठली. जेवताना वाढलं तिनेच, बोलली नाही. आमटीत मीठ नव्हतं. रात्री अंक टीव्हीखालच्या खणात नव्हता. सकाळी तिचं कपाट उघडं होतं तेव्हा दिसला, पैठणीच्या घडीखाली ठेवलेला. तो लपवलाय की जपलाय ते मला सांगता येणार नाही.

काल संध्याकाळी मात्र भाजी निवडताना एकदम म्हणाली, "त्या पंचमीला तुझ्या कानामागे पिवळा रंग राहिला होता. चार दिवस डाळीचं पीठ लावून घासत होते मी, आणि तू नको नको करत होतास." त्यापुढे काही नाही. गवारीच्या शिरा काढत राहिली. मी समोर बसून निवडू लागलो. शेवटी उठताना म्हणाली की काकूंकडची प्रत ती स्वतः जाऊन घेऊन येणार आहे, मी जायचं नाही.

निफाडकर, पहिलं वाक्य बदललं. आता ते असं आहे: 'त्याने हाक मारली आणि मी रहाडीच्या काठावर थांबलो.' पुढचे 'म्हटलं' आहेत तसे आहेत.

कॅनडा कॉर्नर, पत्राचा मसुदा पाठवा. चारही ठिकाणचे बदल लिहा, 'शर्ट' आणि 'ओढणी' दोन्ही शब्दांसकट.

थर्डशिफ्ट, 'काठावरचा' राहतोय, बाकीच्या सगळ्या कथांसाठी.

माई, 'रहाड'खाली माझं खरं नाव घाला. फाईलच्या शेवटी लिहिलंय. वडिलांचं नाव मधे आहे, ते गाळू नका.